एकच डिझेल इंजिन, दोन पॉवर: कोणती गाडी कोणाला पुरेल?

डिझेल गाडी घ्यायला निघालेल्या माणसाच्या हातात शोरूममध्ये माहितीपत्रक पडते आणि त्यातल्या एका ओळीपाशी तो हमखास अडखळतो. महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनचे उदाहरण घेऊ. चाकणच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी २०२२ मध्ये बाजारात आली, तेव्हापासून तिचे २,१९८ सीसीचे डिझेल इंजिन दोन प्रकारांत मिळते. खालच्या व्हेरिएंटमध्ये ते १३२ पीएस पॉवर देते आणि वरच्यांमध्ये १७५ पीएस. इंजिनाचा आकार तोच, सिलिंडर तेवढेच, इंधनही तेच, मग ४३ पीएस आल्या कुठून, आणि त्यांच्यासाठी काही लाख रुपये जास्त मोजावेत का? विक्रेता सांगतो की दोन्ही गाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. घरातले अनुभवी काका म्हणतात की एवढी ताकद वापरायला रस्ता कुठे आहे. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न मुळापासून समजून घेतलेला बरा.

पॉवर आणि टॉर्क: आधी एवढे पक्के करू

विहिरीतून बादलीने पाणी शेंदणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. एका वेळी तो किती मोठी बादली ओढू शकतो, हा झाला टॉर्क. मिनिटाला तो किती बादल्या काढतो, हे झाले आरपीएम, म्हणजे इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे. आणि मिनिटाभरात एकूण जेवढे पाणी काठावर आले, ती पॉवर. मोठी बादली सावकाश ओढली काय किंवा लहान बादली भराभर ओढली काय, मिनिटाचे पाणी सारखे भरू शकते. डिझेल इंजिन हे मोठी बादली सावकाश ओढणारे इंजिन आहे.

टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये, म्हणजे एनएममध्ये मोजतात आणि पॉवर पीएसमध्ये. एक पीएस म्हणजे ७३५.५ वॉट. दोन्हींचे नाते साध्या गणिताचे आहे: टॉर्कला आरपीएमने गुणून सुमारे ७,०२० ने भागले की पीएस मिळतात. ३०० एनएम टॉर्क देणारे इंजिन २,००० आरपीएमवर फिरत असेल, तर त्या क्षणी ते सुमारे ८५ पीएस देत असते. माहितीपत्रकावरचा १३२ हा आकडा त्याच इंजिनाचा आहे, पण तो ३,७५० आरपीएमवर आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना मिळतो. डिझेल गाडी रोज चालवणारा माणूस बहुतेक वेळ दीड ते अडीच हजार आरपीएमच्या दरम्यान असतो. म्हणून छापलेल्या मोठ्या आकड्यापेक्षा या पट्ट्यात इंजिन काय देते, हे पाहणे अधिक शहाणपणाचे. माझ्या मते संपूर्ण निवडीची किल्ली इथेच आहे.

तेच इंजिन कमी-जास्त ताकदीचे कसे होते?

डिझेल इंजिनाची ताकद सिलिंडरमध्ये किती डिझेल फवारले जाते आणि ते नीट जळायला किती हवा मिळते, यावर ठरते. हवा कोंबून भरण्याचे काम टर्बो करतो: बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर त्याचे एक पाते फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे पाते ताजी हवा दाबून आत ढकलते. किती डिझेल फवारायचे आणि टर्बोचा दाब किती चढू द्यायचा, हे इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवतो. त्यामुळे काही गाड्यांत दोन प्रकारांमधला मोठा फरक या संगणकातल्या मर्यादेचा असतो.

पण नेहमीच तसे नसते. जास्त पॉवरच्या प्रकारात टर्बोच वेगळा असू शकतो. साध्या टर्बोमध्ये धुराची वाट ठरलेली असते, तर व्हेरिएबल जॉमेट्री टर्बोमध्ये छोटी पाती हलून ती वाट अरुंद किंवा रुंद करतात. त्याशिवाय इंजेक्टर, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, क्लच आणि गिअरबॉक्स यांतही बदल असू शकतो. कधी गिअरबॉक्सच इंजिनाला लगाम घालतो. १७५ पीएसच्या स्कॉर्पिओ-एनमध्ये मॅन्युअल गिअरबॉक्ससोबत ३७० एनएम टॉर्क मिळतो, तर ऑटोमॅटिकसोबत ४०० एनएम. पॉवर मात्र दोन्हींत तेवढीच.

डस्टर आणि स्कॉर्पिओ-एन: दोन वेगळ्या कहाण्या

'जास्त पॉवर म्हणजे अधिक चांगली गाडी' हे समीकरण किती कच्चे आहे, ते रेनॉच्या डस्टरने दाखवून दिले होते. २०१२ मध्ये आलेल्या डस्टरमध्ये १,४६१ सीसीचे एकच डिझेल इंजिन ८५ पीएस आणि ११० पीएस अशा दोन रूपांत मिळत असे. ८५ पीएसच्या गाडीला पाच गिअर होते आणि तिचा २०० एनएम टॉर्क १,९०० आरपीएमवर हाताशी येई. ११० पीएसच्या गाडीला सहा गिअर होते आणि टॉर्क २४८ एनएम होता, पण तो पूर्ण मिळायला सुरुवातीच्या गाड्यांत २,२५० आरपीएमपर्यंत जावे लागे. टर्बो पुरेसा वेगाने फिरू लागेपर्यंत इंजिन मरगळलेले राहते, त्याला टर्बो लॅग म्हणतात. ११० पीएसच्या डस्टरमध्ये तो स्पष्ट जाणवे.

याचा रस्त्यावरचा अर्थ असा. गतिरोधकावरून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उतरली, आरपीएमचा काटा १,२०० वर आला, आणि मागून बस हॉर्न वाजवते आहे. अशा वेळी ८५ची डस्टर मुकाट्याने पुढे सरके, तर ११०च्या डस्टरमध्ये पहिला गिअर टाकावा लागे किंवा क्षणभर वाट पाहावी लागे, आणि मग एकदम झटक्यासरशी ताकद येई. शहरात चालवणाऱ्या अनेकांना कमी पॉवरची डस्टर अधिक सोयीची वाटली ती याच कारणाने. हायवेला मात्र ११० पीएस आणि सहावा गिअर यांची जोडी निर्विवाद सरस होती. आज जुनी डस्टर घेणाऱ्यानेही हा फरक ध्यानात ठेवावा.

स्कॉर्पिओ-एनचे तसे नाही. तिच्या १३२ पीएसच्या प्रकारात ३०० एनएम टॉर्क १,५०० ते ३,००० आरपीएमदरम्यान मिळतो आणि १७५ पीएसच्या मॅन्युअल प्रकारात ३७० एनएम टॉर्क याच पट्ट्यात. म्हणजे दीड हजार आरपीएमपासूनच वरच्या प्रकाराची बादली जवळपास चौथाईने मोठी आहे. इथे जास्त पॉवर हायवेच्या शेवटच्या टोकालाच दिसते असे नाही, ती रोजच्या वापरातही जाणवते.

किया सोनेट २०२० मध्ये आली तेव्हाचे तिसरे उदाहरण आणखी वेगळे आहे. तिच्या दीड लिटर डिझेलचे १०० आणि ११५ पीएस असे दोन प्रकार होते, पण टॉर्क २४० आणि २५० एनएम, म्हणजे जवळपास सारखाच. त्यातही ११५ पीएस हवे असतील तर ऑटोमॅटिक घ्यावी लागे. तिथे खरा प्रश्न क्लच स्वतः दाबायचा की नाही, एवढाच होता.

रस्त्यावर प्रत्यक्षात किती पॉवर लागते?

हा हिशेब फार कमी लोक करतात. सुमारे दोन टनांची उंच, चौकोनी एसयूव्ही सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरने एकसारखी चालत असेल, तर हवेचा आणि टायरांचा विरोध मोडायला चाकांपाशी साधारण २५ ते ३० पीएस पुरतात. समृद्धी महामार्गावर सपाटीला मोटारींसाठी ताशी १२० ही कमाल मर्यादा आहे. त्या वेगालाही ४० ते ४५ पीएसमध्ये भागते. माणसे आणि सामान भरून अडीच टनांची झालेली हीच गाडी दर शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या घाटात ताशी ६० ने नेली, तरी गरज ४५ पीएसच्या आसपासच राहते.

म्हणजे काकांचे म्हणणे इथपर्यंत बरोबर आहे. एका वेगाने चालण्यासाठी १३२ पीएसची गाडी कधीच कमी पडत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना सपाटीला १०० ची मर्यादा आहे आणि आता कॅमेरेही बसले आहेत. तिथे १७५ पीएस वापरायची म्हटली तरी फार तर काही सेकंद वापरता येतील.

घाट उतरताना तर दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच. उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला जे मागे धरते, ते इंजिनाच्या आकारावर आणि गिअरवर अवलंबून असते. अधिकच्या पीएसचा तिथे काहीही उपयोग नाही.

मग जास्त पॉवर लागते कुठे?

वेग वाढवताना. आणि महाराष्ट्रात वेग वाढवण्याची सर्वांत नाजूक जागा म्हणजे दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यावरचे ओव्हरटेक.

कोकणातला एखादा दुपदरी रस्ता घ्या. पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक ताशी ६० ने चालला आहे. गाडीत पाच माणसे, मागे सामान, एसी चालू, एकूण वजन सुमारे २,३०० किलो. ट्रकच्या मागचे अंतर, ट्रकची लांबी आणि पुढे सुरक्षितपणे आत शिरायचे अंतर मिळून ट्रकच्या तुलनेत आपल्याला तीस मीटर पुढे जायचे आहे. ढोबळ गणिताने, योग्य गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला, तर १३२ पीएसच्या गाडीला याला सुमारे सात सेकंद लागतील आणि १७५ पीएसच्या गाडीला सहा. एका सेकंदाचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण या काळात समोरून ताशी ८० ने येणारी गाडीही धावतेच आहे. दोघांची धाव मिळवली, तर पहिल्या गाडीला समोरचा सुमारे ३०० मीटर रस्ता मोकळा लागतो आणि दुसरीला २६०. चुकीच्या बाजूने जाताना ते चाळीस मीटर माणसांच्या जिवाची शिल्लक आहेत.

याला लागूनच दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली म्हणजे, ही शिल्लक तिला हात न लावणाऱ्यालाच मिळते. ताकद आहे म्हणून जो आखूड मोकळ्या जागेत गाडी घालतो, त्याने ते चाळीस मीटर आधीच खर्च केलेले असतात, आणि वर त्याचा वेगही अधिक असतो. दुसरी म्हणजे, गिअरची निवड पॉवरच्या फरकापेक्षा मोठी ठरू शकते. १७५ पीएसची गाडी पाचव्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमवर ठेवून जो ओव्हरटेक करायला जाईल, त्याच्यापेक्षा १३२ पीएसची गाडी तिसऱ्या गिअरवर घेऊन निघालेला माणूस लवकर बाहेर पडेल.

'कमी पॉवरची गाडी जास्त ॲव्हरेज देते ना?'

देते, पण लोक समजतात तेवढे जास्त नाही. गाडी सारख्याच वजनाची आणि वेग सारखाच असेल, तर काम तेवढेच असते आणि त्याला डिझेलही जवळपास तेवढेच लागते. डस्टरचे प्रमाणित आकडे सुरुवातीला ८५ पीएससाठी लिटरला सुमारे साडेवीस किलोमीटर आणि ११० पीएससाठी सुमारे एकोणीस असे होते. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर चालवणाऱ्याचा फरक त्या हिशेबाने साधारण ५५ ते ६० लिटर येतो, म्हणजे ९० रुपये लिटर धरले तर वर्षाचे पाच हजार रुपये. हे पैसे कमी नाहीत, पण गाडीच्या किमतीतल्या लाखांच्या फरकापुढे ते निर्णायकही नाहीत.

हे प्रमाणित आकडे प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून काढलेले असतात आणि त्या चाचणीत वेग ताशी ९० च्या वर जात नाही. प्रत्यक्षात ॲव्हरेज पडते ते उजव्या पायाच्या सवयीने. उलट भरलेली, कमी पॉवरची गाडी घाटात सतत खालच्या गिअरमध्ये ताणावी लागली, तर कागदावरचा हा फायदा तिथे वितळूनही जातो.

'जास्त पॉवरवर कर आणि विमाही जास्त बसत असेल'

इटलीसारख्या देशात मोटारीचा वार्षिक कर किलोवॉटवर ठरतो. आपल्याकडे पॉवरवर थेट कर नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या जीएसटी दरांत डिझेल गाडी १,५०० सीसीपर्यंतची आणि चार मीटरपर्यंत लांबीची असेल तर १८ टक्के आणि त्यापलीकडे ४० टक्के कर आहे. स्कॉर्पिओ-एन दोन्ही निकषांवर मोठी ठरते, त्यामुळे १३२ पीएस असो वा १७५, कराची टक्केवारी एकच. थर्ड पार्टी विम्याचा हप्ताही सीसीवर ठरतो. २०२२ साली ठरलेल्या दरांनुसार १,५०० सीसीवरच्या खासगी मोटारीला तो वर्षाला ७,८९७ रुपये आहे आणि दोन्ही प्रकारांना सारखाच लागतो.

फरक पडतो तो किमतीच्या वाटेने. महाराष्ट्रात खासगी डिझेल मोटारीला दहा लाखांपर्यंत १३ टक्के, दहा ते वीस लाखांदरम्यान १४ टक्के आणि त्यावर १५ टक्के मोटार वाहन कर आहे. दोन व्हेरिएंटच्या किमतीत चार लाखांचा फरक असेल, तर १४ टक्क्यांनी त्यावर ५६ हजार रुपये कर वाढतो. वरचे व्हेरिएंट वीस लाखांच्या पलीकडे गेले, तर टक्काही बदलतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमाही किमतीवरच बसतो. म्हणून तुलना नेहमी ऑन-रोड किमतींची करावी.

जास्तीचे पैसे पॉवरचे की सामानाचे?

इथे मला कंपन्यांचे धोरण मनापासून खटकते. ग्राहकाला पॉवर तेवढी निवडता येत नाही. ती सनरूफ, मोठा स्क्रीन, चामडी सीट आणि भारी म्युझिक सिस्टीम यांच्या गाठोड्यात बांधून येते. ज्याला घाटातल्या ओव्हरटेकसाठी ताकद हवी, त्याला छतावरची काचही विकत घ्यावी लागते. त्याहून वाईट म्हणजे याच गाठोड्यात कधीकधी सुरक्षेची साधनेही बांधलेली असतात. स्कॉर्पिओ-एन बाजारात आली तेव्हा सहा एअरबॅग केवळ झेड-८ पासूनच्या वरच्या श्रेणीत होत्या, खाली दोनच. म्हणून कमी पॉवरचे व्हेरिएंट निवडताना पीएसच्या आधी एअरबॅगची संख्या आणि गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे की नाही, हे पाहावे. ४३ पीएस नसल्या तर प्रवास थोडा सावकाश होतो, एअरबॅग नसल्या तर मात्र त्याची भरपाई सावकाश चालवून होत नाही.

'कमी ताणलेले इंजिन जास्त टिकते'

तत्त्वतः यात अर्थ आहे. कमी पॉवरच्या इंजिनात सिलिंडरमधला दाब आणि टर्बोचे तापमान यांची कमाल मर्यादा कमी असते. पण त्या मर्यादेला कोण किती वेळा जाते, हेही पाहावे लागते. सात माणसे घेऊन कायम घाटात जाणारी कमी पॉवरची गाडी पुन्हा पुन्हा आपल्या कमाल क्षमतेला टेकते आणि तिचा क्लचही चढावर अधिक घासला जातो. तेच काम जास्त पॉवरची गाडी निम्म्या श्वासात करते. सामान्य घरगुती वापरात दोन्हींच्या आयुष्याचा फरक वेळेवर बदललेल्या तेलाने आणि फिल्टरने जास्त पडतो. तसेच एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वतःला जाळून साफ करतो आणि त्यासाठी गाडी अधूनमधून सलग, चांगल्या वेगाने चालावी लागते. ज्याची गाडी रोज फक्त चार किलोमीटर शाळा-बाजार करणार आहे, त्याने दोन डिझेलांतून निवडण्याऐवजी पेट्रोल गाडी बघावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

टेस्ट ड्राइव्हमध्ये काय तपासावे?

शोरूमभोवतीच्या मोकळ्या रस्त्यावर एकट्याने मारलेल्या फेरीतून पॉवरचा निकाल लागत नाही. घरातली नेहमी बसणारी सगळी माणसे बसवा, एसी चालू ठेवा आणि जवळपास चढ असेल तिथे न्यायला सांगा. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० च्या आसपास या आणि गिअर न बदलता ॲक्सिलरेटर दाबा. गाडी कुरकुर न करता वेग घेते की आधी थबकते, हे दोन्ही प्रकारांत लागोपाठ पाहा. चढावर पूर्ण थांबून पुन्हा निघून पाहा. माहितीपत्रकात पॉवरच्या आकड्याशेजारी टॉर्क कोणत्या आरपीएमपासून मिळतो हे लहान अक्षरांत दिलेले असते, ते वाचून घ्या.

शहर, चौपदरी महामार्ग, बहुतेक वेळा दोन-तीन माणसे, असा वापर असलेल्याला कमी पॉवरचा प्रकार पुरतो, आणि वाचलेल्या पैशांत चांगले टायर आणि कित्येक वर्षांचे डिझेल निघते. गाडी नेहमी भरलेली, वाट कुंभार्ली किंवा आंबोलीसारख्या घाटांतून आणि दुपदरी रस्त्यांवरून जाणारी असेल, तर जास्त टॉर्क खालपासून देणारा वरचा प्रकार घ्यावा, पण तो खरोखर खालपासून देतो याची खात्री करूनच.

'आत्ता स्वस्तातली घेऊ आणि नंतर चिप बसवून पॉवर वाढवू'

हा सल्ला मित्रमंडळींत सर्रास दिला जातो आणि तो मानू नये. ईसीयूमधल्या मर्यादा बाहेरून बदलल्या की कंपनीची वॉरंटी धोक्यात येते, विमा कंपनीला न सांगितलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो आणि धुराचे प्रमाण मंजूर मर्यादेबाहेर जाऊ शकते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलांत बदल करायला मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये त्यावर कठोर भूमिका घेतली आहे. यांत्रिक बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. कमी पॉवरच्या गाडीला क्लच, टर्बो किंवा इंटरकूलर कमी क्षमतेचा दिलेला असेल, तर नव्या मर्यादेचा भार त्याच जुन्या भागांवर पडतो. आणि ते पहिल्यांदा हार मानतात ते भरल्या गाडीने, भर उन्हात, लांब चढावर.